लाइव्ह ट्रेनिंगची सामाईक लेझर सिस्टिम घ्यायचीय? आधी पाळी लावा, आकडा मग टाका

"किती सेट मागवायचे?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारूच नका. मी विचारला होता, उत्तरही लगेच मिळालं, फाइलही पळाली, आणि सामान आल्यावर कळलं की तिन्ही युनिटला ते एकाच महिन्यात पाहिजे.

मी भुसावळकडचा. फौजेतून निघून बरीच वर्षं झाली, शेवटची काही वर्षं बंदुकीपेक्षा फाइलच जास्त उचलली, ट्रेनिंगच्या सामानाच्या खरेदीचे कागद बनवायचं टेबल होतं. मागच्या महिन्यात यावलच्या भाच्याचा फोन आला, त्याची बदली अशाच टेबलावर झालीये, म्हणे "मामा, सामाईक सिस्टिम घ्यायचीय, साहेबांनी पंधरा दिवसात कच्चा कागद मागितलाय, सुरुवात कुठून करू?" त्याला दोन तास फोनवर जे सांगितलं तेच इथे टाकतोय. सगळं उघड नियमांतलं आणि अनुभवातलं आहे, युनिट कोणतं, रेंज म्हणजे सरावाचं मैदान कोणतं हे विचारू नका भो.

नवीन माणसासाठी आधी ही भानगड काय ते थोडक्यात. लाइव्ह ट्रेनिंग म्हणजे माणूस खरा, जमीन खरी, हत्यार खरं, फक्त गोळी खोटी. बॅरलवर एक लेझर ट्रान्समीटर बसवतात, ब्लँक राउंड, म्हणजे नुसता आवाज करणारं बिनगोळीचं काडतूस, फुटला की ट्रान्समीटर अदृश्य इन्फ्रारेड किरण सोडतो, साधारण ९०५ नॅनोमीटरचा. समोरच्याच्या जॅकेटवर आणि हेल्मेटवर सेन्सर असतात, किरण लागला की जॅकेट कोकलतं आणि गडी मेला नाहीतर जखमी. एका माणसाचं हे सगळं मिळून एक सेट. सोबत जीपीएस आणि रेडिओ, म्हणजे कोण कुठे होता, कोणी कोणाला मारलं हे कंट्रोल रूमला दिसतं आणि संध्याकाळी सगळ्यांना बसवून तेच परत दाखवता येतं. त्या बैठकीला आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू म्हणतात आणि सगळा खर्च खरं तर त्या एका तासासाठी असतो. अमेरिकन फौजेने १९८० च्या सुमाराला माइल्स नावाने हे आणलं, तिकडे फोर्ट अर्विन आणि जर्मनीतल्या होहेनफेल्सला याच्यावर आख्खी ट्रेनिंग सेंटर उभी आहेत. आपल्याकडे बिकानेरजवळची महाजन रेंज मोठी, आणि आम्हा खानदेशवाल्यांना जवळची म्हणाल तर धुळ्यावरून आग्रा रोडने वर गेलं की महूचं इन्फंट्री स्कूल, खाली गेलं की देवळालीचं तोफखान्याचं स्कूल.

१. आधी पाळी लिहा

वाटणीच्या विहिरीवर तीन भाऊ असले तर मोटर किती हॉर्सपॉवरची हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न पाळी कोणाची कोणत्या वारी. इथे तेच. एक कोरा कागद घ्या, बारा महिने आडवे, युनिट उभे.

माझं उदाहरण धरा, आकडे समजायला घेतलेत. एका वेळी कंपनी उतरते १२० जण, समोर शत्रू बनायला ४०, अंपायर १२. झाले १७२. त्यावर १५ टक्के जादा, कारण काही सेट कायम दुरुस्तीत असणारच, म्हणजे अजून २६. झाले १९८, धरा २००. तीन युनिटने आपापलं मागितलं तर ६००, सामाईक केलं तर २००. इथपर्यंत सगळे खुश.

आता कॅलेंडर. प्रत्येक युनिटला वर्षात दोनदा तीन-तीन आठवडे पाहिजे, म्हणजे सहा सराव, १८ आठवडे. प्रत्येक सरावानंतर एक आठवडा सामान धुणं, तपासणं, पुढच्याला देणं, म्हणजे २४. पावसाळ्याचे १२ काढा, वर्षाच्या मोठ्या तपासणीचे ४ काढा, तरी ५२ मधून १२ आठवडे मोकळे राहतात. कागदावर मस्त बसलं ना? पण प्रत्येकाला सराव पाहिजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि त्या चार महिन्यांत आठवडे आहेत १७. चोविसाचं काम सतरात बसत नाही. मग एकतर प्रत्येक युनिटने एक सराव थंडीत आणि दुसरा ऑक्टोबर नाहीतर मार्च-एप्रिलला करायचा, नाहीतर ४०० सेट घ्यायचे. हा निर्णय साहेब लोकांचा आहे, पण तो फाइल हलायच्या आधी झाला पाहिजे आणि त्याच्यावर तिघांच्या सह्या पाहिजे. तोंडी "बघू अ‍ॅडजस्ट करू" म्हणाले तर समजा काहीच ठरलं नाही.

२. मालक एकच ठेवा

भागीचं घोडं किवणानं मेलं, ही म्हण या सामानासाठीच केली असावी. तिघांचं सामान म्हणजे कोणाचंच नाही. एक युनिट नाहीतर रेंज कस्टोडियन, म्हणजे सामान सांभाळणारा, म्हणून ठरवा, सामान त्याच्या स्टोअरच्या नोंदवहीत चढेल, बाकीचे उसने घेतील आणि सही करून परत देतील. हरवलं तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेतली चौकशी, कोणी भरवायची, तुटलं तर बजेट कोणाचं, हे दोन पानांत लिहून काढा. कस्टोडियनकडे माणसं पण पाहिजेत, फक्त खोली असून चालत नाही.

३. सगळ्यांचं लेझर एक भाषा बोलतं का ते बघा

हे नीट वाचा, पैसे इथेच बुडतात.

लेझरचा किरण नुसता उजेड नसतो, त्यात कोड असतो, हत्यार कोणतं, मारणारा कोण. सेन्सरला तो कोड वाचता आला पाहिजे. एका सरावात आमच्याकडे जुने सेट होते आणि पाहुण्या युनिटने स्वतःचे आणले, दुसऱ्या कंपनीचे. पत्रात लिहिलेलं "कम्पॅटिबल". सकाळी सहाला अटॅक सुरू झाला, नाल्याच्या दोन्ही बाजूंनी ब्लँक फुटायला लागले, पंधरा मिनिटं धडाधडा फायर, वीस पावलांवरून, आणि मरेना कोणीच. कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर सगळे ठिपके हिरवे. एक जवान तर उठून उभा राहिला, हात कमरेवर, समोरच्याला म्हणतो "मार ना भाऊ, मार." शेवटी अंपायरने शिट्टी मारून चिठ्ठ्यांवर मेलेले ठरवले. नंतर कळलं की कम्पॅटिबल म्हणजे त्यांचं ट्रान्समीटर आमच्या रायफलवर बसतं एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

म्हणून "कम्पॅटिबल" हा शब्द तुमच्या कागदात येऊच देऊ नका. त्याऐवजी हे लिहा:

- लेझरचा कोड कोणत्या स्टँडर्डचा. बाहेर माइल्सचा कोड आहे, युरोपात ओसॅग चालतो, आणि नाटोच्या युकॅट नावाच्या, शहरी लढाईच्या ट्रेनिंगवर काम करणाऱ्या गटाच्या कामातून आलेलं यू-लेइस म्हणून स्टँडर्ड आहे. तुमच्याकडे आधीपासून जे आहे त्याचा कोड कोणता ते स्टोअरमध्ये जाऊन पेटीवर, मॅन्युअलमध्ये बघा, कोणाला फोन करून विचारू नका.
- प्लेअर नंबर कसे वाटणार. दोन युनिट एकत्र आले आणि दोघांकडे ४७ नंबरचा गडी असला तर मेला कोण? प्रत्येक युनिटला नंबरांचा वेगळा पट्टा द्या.
- कोणती गोळी लागली की काय होईल याचा तक्ता. रायफलने रणगाडा मरायला नको आणि रॉकेट लागून माणूस नुसता जखमी व्हायला नको. हा तक्ता आपल्याला बदलता आला पाहिजे, दरवेळी कंपनीला पैसे देऊन नाही.
- रेडिओवरून कंट्रोल रूमला जाणाऱ्या माहितीचा फॉरमॅट. यासाठी इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट नावाचा कागद मागा आणि तो वापरायचे हक्क काँट्रॅक्टमध्ये घ्या. हा कागद नसला तर दहा वर्षं त्याच एका कंपनीच्या दारात उभं राहायचं, ती म्हणेल तो भाव.

हत्यारांचं पण बघा. आज इन्सास रायफल ५.५६ मिलिमीटरची, सिग ७१६ आणि एके-२०३ दोन्ही ७.६२ च्या पण काडतूस वेगळं, एक ७.६२ बाय ५१ आणि दुसरं ७.६२ बाय ३९. प्रत्येकाची बॅरल वेगळी, झटका वेगळा, मग क्लँप वेगळा. आणि ब्लँक? आमच्या वरणगावच्या फॅक्टरीत छोट्या हत्यारांच्या गोळ्या बनतात म्हणून आमच्याकडे सगळ्यांना वाटतं गोळ्यांची काय कमी, पण ट्रान्समीटर आले आणि त्या हत्याराच्या ब्लँकची वर्षाची मागणीच गेली नव्हती हे मी डोळ्याने बघितलंय. ब्लँक आणि बॅरलच्या तोंडाला लागणारं ब्लँक फायरिंग अटॅचमेंट, दोन्हीची मागणी सोबतच टाका.

४. ऊन, धूळ, बॅटरी

स्पेसिफिकेशन लिहिणारा एसीत बसून लिहितो, वापरणारा मे महिन्यात वापरतो.

लिथियम बॅटरी साधारण ६० डिग्रीपर्यंत वापरता येते पण चार्ज करायची मर्यादा बहुतेक वेळा ४५ डिग्रीची असते. भुसावळ-जळगावचा मे ज्याने काढलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. एका रेंजवर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग लावलं, दुपारी दोनला सगळ्या चार्जरवर पिवळा दिवा. कंपनीचा पोरगा आला, एक एक चार्जर उघडून बघतोय, मशीन चांगलं, बॅटरी चांगली. मग त्याने जेबेतून थर्मामीटर काढून रॅकवर ठेवला, ४९. बॅटरी स्वतःलाच वाचवत होती. त्या रात्रीपासून भिजवलेली गोणपाटं खिडक्यांना, दोन कूलर, आणि चार्जिंग रात्री नऊनंतर. तुम्ही हे आधीच कागदात लिहा, चार्जिंगची खोली, तिचं तापमान, वीज किती लागणार, जनरेटर कोणाचा.

आणि स्लॉट मोजा. २०० सेट म्हणजे जॅकेटची एक आणि ट्रान्समीटरची एक अशा ४०० बॅटऱ्या. ४० स्लॉटचा चार्जर आला तर दहा फेऱ्या, एक फेरी तीन तासांची धरली तर ३० तास. रात्र कुठे तीस तासांची असते? १०० स्लॉट असले तर चार फेऱ्या, १२ तास, सकाळी सामान तयार. चार्जरचा खर्च सगळ्यांना फालतू वाटतो म्हणून पहिली कात्री त्याच्यावर चालते.

बाकी मजबुतीसाठी जेएसएस ५५५५५, म्हणजे फौजी इलेक्ट्रॉनिक सामानाच्या चाचणीचं स्टँडर्ड, त्याप्रमाणे चाचणी मागा, धूळ-पाण्यासाठी आयपी ६७, लेझर क्लास १ चा, म्हणजे डोळ्याला धोका नसलेला. रेडिओसाठी फ्रिक्वेन्सीची परवानगी आधी, खरेदी नंतर, हा क्रम उलटा केला की सामान पेटीतच राहतं. आणि जागा स्वतः फिरून बघा. आमच्या तापीकाठच्या घळी बघितल्यात ना, वीस फूट खाली उतरलं की मोबाइलची रेंज जाते, तसंच या रेडिओचं होतं. टॉवर कुठे, रिपीटर कुठे, ते नकाशावर बसून ठरत नाही. घरांमधल्या लढाईचा सराव असेल तर छताखाली जीपीएस आंधळं, तिथे खोलीखोलीत वेगळे सेन्सर लागतात आणि त्याचा खर्च वेगळा.

५. कागदांचा रस्ता

मोठी खरेदी भांडवली खात्यातून जाते, तिला डीएपी, म्हणजे संरक्षण खरेदीची कार्यपद्धती, लागू, त्याची २०२० ची आवृत्ती १ ऑक्टोबर २०२० पासून आली. दुरुस्ती, सुटे भाग, सेवा हे महसुली, त्याला डीपीएम, म्हणजे संरक्षण खरेदीचं मॅन्युअल, त्याची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून आली, जुनं २००९ चं पुस्तक अजून कपाटात दिसेल, त्यातून कॉपी-पेस्ट करू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सिम्युलेटरसाठी एक फ्रेमवर्क पण काढलंय, तुमच्या केसमध्ये त्याचा आधार द्या, वजन पडतं.

क्रम साधारण असा. आधी आरएफआय, म्हणजे बाजारात कोणाकडे काय आहे ते विचारणं. मग गुणवत्तेच्या गरजा, एसक्यूआर. मग स्टेटमेंट ऑफ केस, म्हणजे गरज का आहे ते मांडणारा कागद, आणि त्यावर एओएन, म्हणजे गरज मान्य झाली. मग आरएफपी, म्हणजे कंपन्यांकडून रीतसर प्रस्ताव मागणं, टेक्निकल तपासणी, मैदानी ट्रायल, भावाची बोलणी, काँट्रॅक्ट. यात माझं म्हणणं एवढंच की आरएफआयला घाई करू नका. लोक त्याला फॉर्मॅलिटी समजतात आणि मग एसक्यूआर एकाच कंपनीच्या ब्रोशरवरून उतरवतात, वजन अमुक ग्रॅम, रंग अमुक. मग दुसरी कंपनी तक्रार करते आणि फाइल परत पहिल्या पायरीवर.

एसक्यूआरमध्ये अत्यावश्यक गोष्टी थोड्याच ठेवा. "असलं तर बरं" अशा गोष्टी एन्हान्स्ड परफॉर्मन्समध्ये टाकायची सोय आहे, त्याला भाव ठरवताना थोडं वजन मिळतं. सगळंच अत्यावश्यक केलं तर ट्रायलला एकही पास होत नाही.

फाइलमध्ये हे लागतंच:

- सह्या झालेलं वर्षाचं कॅलेंडर
- कस्टोडियनचं पत्र आणि वाटून वापरायचे नियम
- आधीच्या सामानाची यादी, कोडसकट
- हत्यारांची यादी, ब्लँकची मागणी
- जागेचा सर्वे, वीज आणि चार्जिंग रूमचा अंदाज
- फ्रिक्वेन्सीचा पत्रव्यवहार
- आयुष्यभराच्या खर्चाचा तक्ता

६. ट्रायल

कंपनीने आणलेले दहा नवेकोरे सेट, कंपनीचीच माणसं घालून दाखवतायत, अशी ट्रायल म्हणजे लग्नातला मुलगा बघणं. आपले जवान घाला. सरपटवा, भिजवा, जुन्या सेटसोबत मिसळून लढवा. झुडपामागून फायर करा, कारण खरी गोळी पानातून जाते आणि लेझर पानाला अडतो, म्हणजे सरावात एरंडीचं झाड चिलखत बनतं. हे कोणतीच कंपनी पूर्ण सोडवू शकत नाही, पण ते आपल्याला माहीत पाहिजे.

आणि दोन-तीन हुशार पोरं निवडून सांगा की फसवून दाखवा. जवानासारखं डोकं कोणाचं नाही! एकाने सेन्सरवर चिखल थापला, दुसऱ्याने रेनकोट घातला, तिसऱ्याने मरायच्या आधी बॅटरीच काढली आणि परत लावून जिवंत झाला. सिस्टिमने बॅटरी काढल्याची नोंद ठेवली पाहिजे, हा मुद्दा आमच्या एसक्यूआरमध्ये त्या पोरामुळे आला.

७. पैसे

सामान विकत घेणं स्वस्त, पोसणं महाग. वॉरंटी संपल्यावर सर्व्हिसचं काँट्रॅक्ट, बॅटऱ्या काही वर्षांनी बदलायच्या, सॉफ्टवेअर, कंपनीची माणसं सरावाला हजर राहणार त्याचा खर्च, सामान एका रेंजवरून दुसरीकडे न्यायचा ट्रक. दहा वर्षांचं गणित मांडा आणि सर्व्हिसचा भाव खरेदीच्या वेळीच बांधून घ्या, नंतर विचारलात तर तुमची मान त्यांच्या हातात. डीएपी २०२० मध्ये लीजचा रस्ता पण आहे. वर्षातले मोजकेच आठवडे वापर असेल तर भाड्याचं गणित एकदा करून बघाच, आमच्या वेळी ती सोय असती तर मी तीच सुचवली असती.

एमआयडीसीतले पोरं मला विचारतात की काका आम्हाला यात काही आहे का. आहे. आख्खी सिस्टिम नाही, पण जॅकेट, क्लँप, चार्जिंग रॅक हे लहान वर्कशॉपचंच काम आहे. लहान उद्योगांचं उद्यम रजिस्ट्रेशन करा, मोठ्या कंपनीच्या खालचं काम धरा, स्वतःचं काही नवीन डोकं असेल तर आयडेक्सला, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या नव्या कल्पनांना मदत करणाऱ्या योजनेला, अर्ज टाका.

८. कोण मेला हे कोणाला कळणार

सामाईक सिस्टिमचा सर्व्हर पण सामाईक, म्हणजे एका युनिटची फजिती दुसऱ्याला दिसू शकते. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण एकदा का कंपनी कमांडरला वाटलं की हे रेकॉर्डिंग त्याच्या रिपोर्टला चिकटणार, की तो सरावच जपून जपून करतो, धोका घेत नाही, आणि मग शिकायचं काय? नियम लिहून ठेवा, रेकॉर्डिंग ज्याचं त्याला, किती दिवसांनी पुसायचं, कंपनीचा माणूस लॅपटॉपमध्ये काय नेऊ शकतो. शेवटच्याचं उत्तर, काहीच नाही.

९. सामान आल्यावर

पहिल्याच दिवशी सगळं उघडून मोजा, नमुन्याने नाही, सगळं. प्रत्येक सेट घालून एकदा फायर करा.

मग पेट्या. आमच्या भुसावळच्या फॅक्टरीत दारूगोळ्याचे कंटेनर बनतात म्हणून असेल, मला पेटीचं जरा जास्तच वेड आहे. एका पेटीत एका सेक्शनचे दहा पूर्ण सेट ठेवा, जॅकेट एका पेटीत आणि ट्रान्समीटर दुसऱ्या असं करू नका, अर्ध्या रात्री अंधारात जोड्या लावत बसाल. फोममध्ये प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खड्डा, खड्डा लाल रंगवलेला, म्हणजे वस्तू नसली की टॉर्च मारल्याबरोबर लाल दिसतं. झाकणाला आतून यादी चिकटवा, हिंदीत, फोटोसकट, लॅमिनेट करून, आणि खाली दोन रकाने, घेतल्याची सही, दिल्याची सही. पेन दोरीने पेटीलाच बांधा, नाहीतर पहिल्या सरावात तेच हरवतं.